बिलियर्डच्या टेबलाचा ढाळ

आमच्या घरामागं कांद्याच्या शेडमध्ये बिलियर्डचं टेबल होतं, असं मी सांगते तेव्हा पुण्यातली माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, ‘शिरूरला?’ त्या प्रश्नातला सूर मला अजिबात खपत नाही. शिरूरच्या माणसानं काय जन्मभर सूरपारंब्याच खेळायच्या? टेबल होतं. पूर्ण मापाचं, सहा जाळ्यांचं, हत्तीच्या पायांसारख्या पायांचं. आणि त्याला ढाळ होता, म्हणजे एका अंगाला उतार. तो कसा आला हे सांगायचं तर दौंडपासून सुरुवात करायला हवी.

माझे मामा दौंडला रेल्वेत गार्ड होते. लग्न केलं नाही, क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आणि मी न्हावऱ्यावरून एसटीनं त्यांच्याकडे जायचो. ड्यूटीवरून आले की अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून मामा क्लबात निघायचे आणि मी त्यांच्या मागोमाग. साहेबांच्या काळातला उंच छताचा हॉल, मधोमध ते टेबल, वरून सोडलेले हिरव्या टोप्यांचे दिवे. खेळणारे ड्रायव्हर, गार्ड, एखाद-दुसरा म्हातारा अँग्लो-इंडियन फोरमन. टेबलाची देखभाल एक मिस्त्री करायचे. दौंडच्या जुन्या मुसलमान घरातले, मामांचे जिवलग मित्र. एकमेकांशी भांडल्याशिवाय त्या दोघांचा डाव सुरू होत नसे.

खेळता खेळता मामा मला शिकवायचे. हा खेळ आधी विलायतेत हिरवळीवर खेळायचे, मग घरात आणला, म्हणून कापड हिरवं. गोळे पूर्वी हस्तिदंताचे असत. स्नूकर मात्र जबलपूरच्या छावणीतल्या फौजी अंमलदारांनी काढला, हे सांगताना त्यांची छाती फुगायची. म्हणायचे, “मनमाडावरनं सरळ गाडी हाय जबलपूरला. म्हंजी आपल्याच लायनीवरचा खेळ.” दौंडला चालायचं ते जुनं बिलियर्ड : दोन पांढरे गोळे, एक लाल. त्यातला एक नियम मला फार आवडायचा. आपला गोळा दुसऱ्याला शिवून मग जाळीत पडला तर मार्क मिळतात, कुणालाच न शिवता पडला तर मार्क जातात. काठीच्या टोकाला खडू लावायचं काम मी कुणालाही करू देत नसे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मामा रिटायर झाले. त्याच वर्षी क्लबाला तो हॉल दुसऱ्या कामासाठी हवा झाला आणि टेबल विकायला निघालं. तोवर शिक्रापुरात कंपनीतल्या पोरांसाठी पूलची छोटी टेबलं आली होती, रंगीत गोळ्यांची, वर मोठ्यानं गाणी लावलेली. एकदा मी मामांना मुद्दाम तिथं घेऊन गेले. त्यांनी हात मागं बांधून एक फेरी मारली आणि म्हणाले, “कॅरमचा थोरला भाऊ हाय.” दौंडचं जुनं टेबल घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मामांनी आणि मिस्त्रींनीच ते खोलून मिस्त्रींच्या परसात ताडपत्रीखाली ठेवलं. आणि क्वार्टर सोडून मामा आमच्याकडे शिरूरला राहायला आले.

आईला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. ती मोठी, तिचा हा एकुलता एक धाकटा भाऊ. साठ वर्षांच्या माणसाला ती सगळ्यांसमोर ‘बाळ’ म्हणायची. पण बाळाचं चित्त काही आमच्याकडे लागेना. ओट्यावर बसून सारखं घड्याळ बघायचे आणि आत्ता कुठली गाडी कुठल्या स्टेशनात असेल ते मला सांगायचे. जेवण कमी झालं. शेवटी एका सकाळी म्हणाले, “आक्का, मी दौंडलाच खोली बघतो. हितं वेळ जात न्हाई माझा.” आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच स्वच्छ भांडी घासत बसली.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर बोलतील, पण घरात त्यांचं तोंड फारसं उघडत नसे. मामा पेन्शनच्या कामाला भुसावळला गेले आणि वाटेत दौंडला उतरून खोली बघणार होते. त्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, “पाव्हण्याचं टेबल आणू. त्याच्याबिगर त्यो माणूस ऱ्हायचा न्हाई.” आईनं त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

उसाच्या ट्रॉलीत पाचट अंथरून टेबल दौंडहून आणलं. मिस्त्री लेकीकडे सोलापूरला गेले होते, त्यांच्या घरच्यांनी चढवून दिलं. म्हणूनच भुसावळहून परतताना मामाही त्यांच्या घराकडे फिरकले नाहीत आणि बातमी फुटली नाही. टेबलाच्या कापडाखाली दगडाच्या जाड लाद्या असतात हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या गवंड्यानं त्या बघितल्या आणि त्याचा जीव भांड्यात पडला. “आप्पा, ही तर फरशीच हाय की. आपलंच काम.”

मिस्त्री येईपर्यंत थांबू, असं मी दोनदा म्हणाले. पण आप्पांना मामा यायच्या आत टेबल उभं करायचं होतं. गवंड्यानं पायांखाली पाचरी मारल्या, पाण्याची नळी धरून लेव्हल बघितली, लाद्या बसवून सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरले. आप्पा स्टुलावर बसून देखरेख करत होते. घर बांधताना, गोठा बांधताना, न्हाणीघर करताना त्यांनी जे विचारलं तेच इथंही विचारलं, “ढाळ दिला का?”

“म्हंजी काय आप्पा, तुमी सांगायला पायजे व्हय? खिडकीच्या कोपऱ्याला काढलाय. पाण्याचा टिपूस थांबायचा न्हाई.”

आप्पांनी समाधानानं मान हलवली. मीही हलवली, कबूल करते. आमच्याकडे ढाळ नसलेली फरशी म्हणजे गवंड्याची अब्रू गेली. बिलियर्डच्या टेबलावर पाणी कोण कशाला ओतेल, हा प्रश्न तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. गादीवाल्यानं जुनंच हिरवं कापड ताणून बसवलं. आईनं टेबलाच्या कडेला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ मात्र बाहेर उंबऱ्यावर फोडला.

मामा आले ते खिशात किल्ली घेऊनच. चहा पिताना त्यांनी ती ताटलीशेजारी ठेवली. “खोली मिळाली आक्का. स्टेशनाजवळच हाय. पुढच्या महिन्यात जातो.” आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “जावा की. पर आधी शेडमधी चला, जरा काम हाय.”

शेडच्या दारात मामा थबकले. कांद्याच्या वासात ते टेबल उभं होतं, वर पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन. मग त्यांनी कड हातानं चाचपली, काठी उचलली, आणि मी धावत जाऊन टोकाला खडू लावला. त्यांनी पांढरा गोळा मारला. तो लालला हलकेच शिवला, मधोमध जरा रेंगाळला आणि वळून खिडकीच्या कोपऱ्यातल्या जाळीत पडला. पाठोपाठ लालही निघाला, सावकाश, त्याच जाळीत. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. “काय हात हाय पाव्हण्याचा!”

मामांनी दुसरा गोळा मारला. तोही तिकडेच गेला. मग त्यांनी टेबलाच्या पायांकडे पाहिलं, पाचरींकडे पाहिलं, स्टुलावर बसलेल्या आप्पांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसतील किंवा रागावतील. ते म्हणाले, “दाजी, या, एक डाव टाकू.”

मग रोजच डाव पडायला लागले. आप्पांनी आयुष्यात काठी धरली होती ती बैल हाकायला, पण त्यांचा गोळा कशाला तरी शिवायचा आणि डुलत डुलत खिडकीकडे जाऊन पडायचा. शिवून पडला म्हणजे मार्क. आप्पा जिंकायचे. जिंकून बाजारात सगळ्यांना सांगायचे. मामा हरायचे, दोन भाकरी जास्त खायचे, आणि घड्याळ कुठं ठेवलंय ते त्यांनाच आठवायचं नाही. आई म्हणायची, “माझा बाळ खेळ विसरला की काय गं?” मी गप्प बसायचे, हसू आवरून. किल्ली मात्र त्यांच्या खिशातच होती, आणि महिना संपत आला होता.

आणि मिस्त्री आले. सोलापूरहून परतल्यावर टेबल शिरूरला गेल्याचं कळलं, तशी लेव्हलची पट्टी पिशवीत टाकून पहिली एसटी धरली. पट्टी कापडावर ठेवली, डोळा बारीक केला आणि कपाळाला हात लावला. “गार्डसाब, हे टेबल हाय का मोरी? कुनी बसवलं?”

आप्पांचा चेहरा उतरला. मामांकडे बघून ते हळूच म्हणाले, “म्हंजी मी जितकं जिकलो, त्ये सगळं...”

“तुमी शिवून पाडले, दाजी,” मामा म्हणाले. “नियमातच हाय ते.”

मिस्त्री पाचरी काढायला वाकले, तसं मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “समदा ढाळ नका काढू. खिडकीच्या अंगाला उलीसा ऱ्हाऊ द्या.” मिस्त्रींनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा आप्पांकडे, आणि न भांडता ऐकलं. मामांचं त्यांनी पहिल्याच बोलण्यात ऐकलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी जेवून मिस्त्री निघाले. मामा त्यांना स्टँडवर सोडायला निघाले, मीही गेले. दौंडची गाडी लागली होती. मिस्त्री पायरीवर चढले तेव्हा मामांनी खिशात हात घातला आणि ती किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

“खोलीवाल्याला द्या. म्हनावं, मला घरीच जागा मिळाली.”