आमेन म्हणायला माणूस

कोरियातल्या गुन्सानच्या आमच्या चर्चमधल्या मालसुनबाई परदेशी विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेत. नवरा गेल्यावरही तो शिरस्ता मोडला नाही. जेवणाआधीची प्रार्थना पाळीपाळीने, ज्याच्या त्याच्या भाषेत. आमेन मात्र ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, हा घरचा नियम. बाईंना मंगोलियन पोरीची प्रार्थना ओ की ठो कळत नसे, पण सगळ्यांत मोठं आमेन त्यांचंच.

यंदा चर्चच्या शहाण्यांनी ठरवलं, एकट्या म्हातारीकडे मुलं ठेवायची नाहीत. मी तावातावाने भांडले. कोण ऐकतंय!

काल मुळ्याची किमची द्यायला गेले, तर बाई ताटासमोर डोळे मिटून बसलेल्या.

"अहो, प्रार्थना उरका की! भात गार झाला."

"प्रार्थना केव्हाच झाली गं," त्या म्हणाल्या. "आमेनसाठी थांबलेय."