सायकल स्टँडवरची गर्दी

भाजलेल्या शेंगांचा वास आला की कोल्हापुरातलं ते जुनं थिएटर आठवतं. आई गेली त्या वर्षी मी एकच सिनेमा तीनदा पाहिला. सिनेमा तसा सुमारच, पण त्यातली आई भाकरी थापताना गुणगुणायची, म्हणून मी पुन्हा पुन्हा हट्ट धरायचो. कामावरून दमून आलेले वडील अंधारात शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवायचे, आणि पडद्यावरची आई अंथरुणाला खिळली की उठायचे. "चल, सायकल स्टँडवर गर्दी हुतीया." मी विचारायचो, "आन् ती?" "बरी हुतीया की. मी बघून आलोय." परवा दमून घरी आलो, तर टीव्हीवर तोच सिनेमा लागलेला. ती अंथरुणावरच होती, शेवट जवळ आला होता. मी उठून टीव्ही बंद केला. उगाच स्टँडवर गर्दी व्हायची.