मंगळवारी येते

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी आईला बघायला एक नर्स यायची. आईचा स्मृतिभ्रंश वाढत चालला होता. डॉक्टरांना विचारून औषधं कमी-जास्त करण्यापासून आम्हा घरच्यांना वळण लावण्यापर्यंत सगळं तीच बघायची. आईच्या खुर्चीपुढे ती जमिनीवर बसायची, एकच प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट बघत राहायची. मी मध्ये बोललो की हात वर करायची. "उनको बोलने दो, भैया." आईला खोटं सांगून गप्प केलेलं तिला खपत नसे.

राज्याचे दोन भाग झाले आणि तिच्या नवऱ्याची सरकारी कचेरी विजयवाड्याला हलली. आमच्याकडून उचललेल्या मराठीत तिने सांगितलं, "आई, मी आता नाही येणार." आई रडली. पुढच्या खेपेला आई ते विसरली होती. तिने पुन्हा सांगितलं, आई पुन्हा तशीच रडली.

शेवटच्या दिवशी आईने विचारलं, "आता कधी येशील?"

"मंगळवारी येते," ती म्हणाली. आई हसली.

फाटकापाशी ती मान खाली घालून चपलेचा पट्टा लावत राहिली. "झूट बोली मैं," एवढंच म्हणाली. तिला धीर द्यायला हवा होता. पण तिने तसंच खोटं सांगावं, असं मीच सुचवणार होतो; मी कोणत्या तोंडाने धीर देणार? मी फाटक उघडून धरलं.

मंगळवारी दुसरी नर्स आली. आईने तिचा हात धरला. "आलीस ना बोलल्यासारखी?"

विजयवाड्याला फोन करून हे कळवावं, असं वाटलं. पण ऐकून तिला बरं वाटेल की आणखीच लाज वाटेल, ते मला ठरवता आलं नाही.