साहेबांनी घातलेली एक ओळ

विकणाऱ्याचा आवाज चढला की मालाकडे नीट बघायचं, हे मी भांडुपच्या बाजारात आईच्या भाजीच्या पाटीमागे बसून शिकले. अंधेरीच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणाऱ्या आमच्या आर्किटेक्ट साहेबांचा आवाज कायम चढलेलाच असे.

आम्ही पेशंटच्या उशाशी ठेवायचा मॉनिटर बनवत होतो. त्यातला एक प्रोसेसर नाडीचे आकडे मेमरीत लिहायचा, दुसरा ते वाचून पडद्यावर दाखवायचा. दोघांच्या मधे लॉक, एका वेळी एकालाच मेमरीला हात लावू देणारं. शिवाय एका प्रोसेसरने लॉक सोडण्याआधी जे लिहिलं, ते त्याच्यानंतर लॉक घेणाऱ्याला दिसलंच पाहिजे. त्यासाठी लॉक सोडताना प्रोसेसरला एक सूचना द्यावी लागते, आधीचं लिहिलेलं आधी पोचव म्हणून. साहेबांनी वेग वाढवायला ती सूचनाच काढून टाकली. मग लाखो वेळा चाचणी चालवली, एकदाही चुकीचा आकडा येऊन फुटली नाही म्हणे. आता चाचणीच्या कागदावर, तपासणारी म्हणून, माझी सही हवी होती. मी कंत्राटावरची, काही बिघडलं तर पहिली घरी जाणारी.

चाचणी कुठे चालवली, तर स्वतःच्या लॅपटॉपवर. त्याचा प्रोसेसर लिहिण्याचा क्रम आपणहून पाळतो. मॉनिटरमधला पाळत नाही. हे मला संध्याकाळच्या कॉलेजातून शिकलेलीला माहीत, आणि मोठ्या संस्थेचं नाव मिरवणाऱ्याला नाही.

मी सांगितलं, मॉनिटरमधले, त्याच प्रोसेसरांचे तीन बोर्ड आठवडाभर द्या, मग सही. खूप घासाघीस करून त्यांनी एक बोर्ड, एक दुपार दिली. मला तेवढंच हवं होतं.

चहा यायच्या आत चाचणी फुटली. दुसऱ्या प्रोसेसरच्या हातात लॉक होतं, आकडे मात्र जुने. साहेब म्हणाले, बोर्ड खराब असेल. मग खुर्ची ओढून त्यांनी चाचणीच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, दर फेरीला आकडे पडद्यावर छापणारी. चाचणी सुरळीत.

"बघ ना, चालतंय. उगाच घाबरवतेस. कर सही."

छापण्यात इतका वेळ जातो, की तेवढ्यात मागे राहिलेलं सगळं पोचून जातं. रस्त्यात आडवं उभं राहून गाड्या अडवायच्या आणि वर म्हणायचं, बघा, रस्ता मोकळा आहे. मी ती ओळ पुसली. चाचणी पुन्हा फुटली.

"साहेब, पेशंटच्या उशाशी छापत कोण बसणार? तुम्ही?"

मागे कोणीतरी हसलं. ते हसू त्यांनी मला कधी माफ केलं नाही.

काढलेली सूचना परत आली. मग बोर्डवर दोन दिवस चाचणी चालली, फुटली नाही. साहेबांनी खालच्या आवाजात सुचवलं, आधीच्या फुटलेल्या चाचण्या कागदावर कशाला? मी सही केली. पण वर दोन्ही फुटलेल्या चाचण्या लिहून, मधे त्यांची छापायची ओळ जशीच्या तशी उतरवून, त्या सगळ्याच्या खाली.