अळणी शनिवार

त्या वर्षी माझ्या मनात श्रद्धा होती की नुसती भीती, हे मला आजही धड सांगता येणार नाही. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आमचं घर, दोघांच्याही तेलकंपन्यांत नोकऱ्या, मुलगी कॉलेजसाठी दूर गेलेली. सगळं कसं मार्गी लागलं म्हणेपर्यंत माझ्या नवऱ्याला, सुहासला, हार्ट अटॅक आला. बायपास झाली, जिवावरचं निभावलं. पण नंतर तो काठीशिवाय एक पाऊल टाकेना. डॉक्टर म्हणत, पायांत ताकद आहे, धीर नाही. रोज सकाळी तळ्याभोवती पळणारा माणूस दिवसभर खिडकीशी बसून समोरच्यांचं लॉन बघायला लागला. मला ते बघवत नसे.

डॉक्टरांनी त्याचं मीठही जवळजवळ बंद केलं होतं. वरणाचा पहिला घास घेतला की तो तोंड वाकडं करी. "हे जेवण आहे की पनिशमेंट गं?" एका शनिवारी दिवा लावताना मी आमच्या कुलदेवीला बोलून बसले, की हा काठी टाकून आपल्या पायांनी चालेपर्यंत दर शनिवारी मी अळणी उपवास करीन, मिठाचा कण तोंडात घालणार नाही. सुहासचा देवावर काडीचा विश्वास नाही. तो म्हणाला, "देवीला मिठाची अ‍ॅलर्जी आहे असं तुला कोणी सांगितलं?" मी हसले नाही. नवस ही माझ्या लेखी चेष्टेची गोष्ट नव्हती. तो मोडला तर त्याचं बरंवाईट सुहासला भोगावं लागेल, ही धास्ती माझ्या मनात पक्की बसली होती.

पळायला मला लावलं त्यानंच. "माझे शूज नुसते पडलेत. निदान तू तरी पळ, मी खिडकीतून बघतो." आधी तळ्याला एक फेरी मारताना धाप लागायची. मग पावलांच्या तालावर देवीचं नाव येऊ लागलं आणि पळणं हीच माझी पूजा झाली. एक मॅरेथॉनही झाली. मग त्यानं धावपटूंच्या मासिकातली एक जाहिरात माझ्यासमोर धरली. ह्यूस्टनच्या उत्तरेला, पाइनच्या जंगलात, पन्नास मैलांची अल्ट्रामॅरेथॉन. आजारी पडला नसता तर तो स्वतःच ती पळणार होता. "माझी राहून गेली. तू कर ना," एवढंच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत इतक्या महिन्यांनी काहीतरी हललं होतं. नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. होकार देऊन बसल्यावर लक्षात आलं, रेस शनिवारी होती.

शहाण्या बाईनं उपवास रविवारी केला असता. पण नवसाचा वार कसा बदलणार? कमरेच्या पिशवीत खजूर, केळी आणि राजगिऱ्याच्या वड्या भरून मी निघाले. शेजारच्या पाटणकर काकांनी आम्हा दोघांना गाडीतून नेलं. हवा दमट होती. सुहास गवतावरून चालायला घाबरत होता, म्हणून काकांसोबत गाडीतच बसून राहिला. "स्लो जा हं, घाई करू नकोस," तो काच खाली करून म्हणाला. माझा पळण्याचा वेग पाहता ती सूचना अगदीच अनावश्यक होती.

पहिला निम्मा रस्ता छान गेला. नंतर ऊन तापलं. घामानं कपडे चिंब झाले, सुकले, त्यांवर पांढरे पट्टे उठले. अंगातलं सगळं मीठ बाहेर चाललं होतं आणि मी वरून फक्त पाणी ओतत होते, कारण पाणी प्या, पाणी प्या, असंच जो तो सांगे. पोटात पाणी डचमळायला लागलं. बोटं सुजली, बांगडी मनगटात रुतली. डोकं ठणकत होतं. देवीचं नाव घ्यायला गेले तर ते आठवेना. जन्मभर घेतलेलं नाव! तेव्हा मात्र मी मनातून हादरले. इथेच पडले तर गाडीत बसलेल्या माणसाचं काय होईल, हा एकच विचार राहिला.

झाडाखाली एक टेबल मांडलेलं होतं. वाटेत धावणाऱ्यांना खाणंपिणं द्यायला अशी टेबलं असतात. तिथे चौकड्यांचा शर्ट घातलेली एक म्हातारी बाई होती. तिनं माझं मनगट धरून मला खुर्चीत बसवलं, हातातली पाण्याची बाटली काढून घेतली आणि उकडलेल्या बटाट्याची फोड मिठात घोळून पुढे केली. मी मान हलवली. "नो सॉल्ट. आय हॅव फास्ट." मला उपवास आहे, याचं मी आपलं सरळ इंग्रजी केलं होतं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "हनी, यू आर फास्ट इनफ," ती समजुतीनं म्हणाली.

एवढ्या हालातही मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. मी तुटक शब्दांत तिला सगळं सांगितलं. नवरा, काठी, देवी, मीठ. ती खुळचट म्हणेल असं वाटलं होतं. पण तिनं टोपी काढली. म्हणाली, "मग मी आधी ग्रेस म्हणते." जेवणापूर्वी देवाचे आभार मानायची त्यांची ती प्रार्थना. ओंजळीत ती फोड धरून, डोळे मिटून तिनं तिच्या देवाला हाक मारली. या मुलीला घरी पोहोचव, तिच्या माणसाच्या पायांत बळ दे, म्हणाली. मग ओंजळ माझ्यासमोर केली.

मी त्या ओंजळीकडे बघत राहिले. देवापुढे धरलेलं अन्न ते. लहानपणापासून एकच शिकले होते, कडक उपवास असला तरी प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. देवाचं नाव वेगळं होतं, भाषा वेगळी होती, पण प्रसाद तो प्रसादच. मी उजवा हात पुढे केला, फोड कपाळाला लावली आणि खाल्ली. तिनं आणखी दिल्या, खारट सूप पाजलं, बराच वेळ उठू दिलं नाही. हळूहळू डोळ्यांपुढची झाडं जागेवर आली, आणि त्यांच्यासोबत देवीचं नावही. निघताना मी तिला वाकून नमस्कार करायला गेले, तर मी कोसळतेय असं वाटून तिनं मला बखोटीला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं! प्रसाद एकटीनं संपवायचा नसतो, म्हणून एक फोड मी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली.

पुढचे मैल मी पळत कमी आणि चालत जास्त पार केले. वेळ संपत आली होती. नवस मोडल्याची भीती अधूनमधून डोकं वर काढत होती. शेवटी मी म्हटलं, आई, मी मोडला. आता तू बघ. आणि खरंच, छातीवरचं ओझं उतरलं.

शेवटच्या वळणावर फिनिशची कमान दिसली. कमानीखाली सुहास उभा होता. एकटा. पाटणकर काका मागून धापा टाकत येत होते आणि त्यांच्या हातात सुहासची काठी होती. मला उशीर झाला म्हणून हा गाडीतून उतरून सगळं गवत तुडवत तिथवर आला होता, आणि काठी गाडीत राहिली हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी त्याच्या रिकाम्या हातांकडे बोट दाखवलं. त्यानं खाली बघितलं, मग माझ्याकडे.

मीठ खाल्ल्यामुळे हे झालं की खाऊनही झालं, याचा खल मी कधी केला नाही. मी देवीला अट घातली होती. तिनं मला अटीशिवाय दिलं, आणि तेही अशा हातांनी, जे तिचं नावही जाणत नव्हते. मागणं एवढंच आपल्याकडे. कधी, कसं, कुणाकरवी, ते तिच्यावर सोडावं.

मी कागद उलगडून चेंगरलेली फोड त्याला दिली. म्हटलं, प्रसाद आहे. एरवी त्यानं काहीतरी चेष्टा केली असती. त्यानं ती तोंडात घातली आणि त्याचे डोळे वाहायला लागले. "केवढी खारट आहे गं," तो म्हणाला.

अजूनही शनिवारी आमच्याकडे उकडलेले बटाटे असतात, वर चिमूटभर मीठ. देवबिव काही नाही, असं सुहास अजूनही म्हणतो. पण पहिली फोड देवीपुढे तोच ठेवतो, स्वतः चालत जाऊन.