दोन नाकांचा गुलाब

वहिनीच्या नाकाबद्दल नणंदेने कधी शंका घेतली नव्हती. साबणाच्या कारखान्यात वास पारखायच्या खोलीत बावीस वर्षं काढलेली बाई ती. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून कोणाच्या घरी दूध उतू गेलंय ते सांगायची. लोक तिला ‘नाकवाल्या बाई’च म्हणत. चोपन्नाव्या वर्षी या बाईने चांगली कायमची नोकरी सोडली आणि स्वतःचं अत्तर करायला बसली, तेव्हा सगळ्या नात्यागोत्याने नाकं मुरडली. नणंदेने मात्र आपलं शिलाई मशीन भिंतीकडे सरकवून मागची अर्धी खोली तिला दिली. तोंडाने कौतुक करणं तिला जमत नसे, म्हणून तिने जागा दिली.

वहिनीला एकच वास काढायचा होता, गुलाबाचा. बागेतला ओला, हिरवा गुलाब नव्हे. पावडरीचा डबा उघडला की येतो तसा कोरडा, गोड गुलाब. दीड वर्ष ती थेंबाथेंबाने त्याच्या मागे होती. वजनकाटा इतका नाजूक, की मशीन चाललं तर आकडा थरथरायचा, म्हणून ती वजन करायला लागली की नणंदेने मशीन थांबवायचं, असा घरचा कायदाच झाला होता. कागदाच्या पट्ट्या बुडवायच्या, तासाने हुंगायच्या, दुसऱ्या सकाळी पुन्हा हुंगायच्या, मनासारखं नसेल तर ओतून देऊन पहिल्यापासून सुरुवात. घरातल्या तिसऱ्या माणसाला, म्हणजे नणंदेच्या भावाला, बारा महिने सर्दी. त्यामुळे दुसरं मत द्यायला नणंदच काय ती होती.

अखेर बाजारातल्या एका दुकानदारबाईंनी चाळीस बाटल्या मागितल्या. ही पहिली मागणी. हा गुलाब चालला तर वहिनी या खोलीत राहणार, नाहीतर पुन्हा कुठल्यातरी कारखान्याचं दार ठोठावणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

वहिनीचं एकच गाऱ्हाणं होतं. गुलाब उतरला की मागे काही उरत नाही म्हणे. म्हणून मागे टिकणारा पावडरीचा वास देणारी, एका बुटक्या बाटलीतली कस्तुरी ती वाढवत राहिली. ही कस्तुरी कारखान्यात बनलेली, हरणाशी तिचा काडीचा संबंध नाही. नणंदेला तर दुपारपर्यंत गुलाब बुडून सगळी पावडरच पावडर जाणवायची. पावडर फार झाली, असं तिने तीनदा सांगितलं. शिवणकामातलं नाक ते, सुतापलीकडे कसं जाणार, असं म्हणून वहिनी हसली. नणंदेलाही ते पटलं. बावीस वर्षांपुढे आपली काय मात्रा?

शनिवारी द्यायचा माल बुधवारीच खोक्यांत भरून तयार होता. आवराआवर करताना वहिनीच्या हातातली बुटकी बाटली कलंडली आणि दोन थेंब नणंदेकडे दुरुस्तीला आलेल्या कोटावर पडले. वास दारापर्यंत पसरला. गिऱ्हाईक आता काय म्हणेल, म्हणून नणंद करवादली. वहिनीने कोट नाकाशी धरला, दोनदा हुंगला.

“कुठे वास येतोय?” ती म्हणाली.

नणंदेने कोट परत घेऊन हुंगला, वास तसाच भपकत होता. गप्प बसावं तर चाळीस बाटल्या वहिनीच्या नावावर बाहेर जाणार, आणि बोलावं तर तिच्या आयुष्याच्या कमाईलाच हात घातल्यासारखं.

“वहिनी, या बाटलीचा वास तुम्हाला येतच नाही.”

त्या दिवशी वहिनी कुणाशी बोलली नाही, भांडी मात्र खूप बोलली. गुरुवारी सकाळी तिने स्वतःच बारा पट्ट्या कापल्या, सहांवर ती कस्तुरी लावून मागे खूण केली, वाळू दिल्या आणि नणंदेला पिसायला सांगितल्या. मग वहिनीने डोळे मिटून एकेक हुंगली. तिला बाराही कोऱ्याच वाटल्या. बाकी सगळे वास शाबूत, हा एकच जन्मापासून बंद असणार. कारखान्यात सहा जण मिळून वास पास करायचे, त्यामुळे एकाची उणीव दुसऱ्याने झाकली आणि बावीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

आता ही रडत बसणार, असं नणंदेला वाटलं. वहिनीने तोंड धुतलं आणि दुकानात फोन लावला. कच्चा माल पाठवणाऱ्यावर खापर फोडता आलं असतं, तब्येतीचं निमित्तही चाललं असतं. तिने सरळ सांगितलं, की यातली एक वस्तू मला हुंगताच येत नाही, चूक माझी आहे, पुन्हा करते, मुरायला महिना लागेल. दुकानदारबाई म्हणाल्या, की तुमच्यासाठी ठेवलेलं कपाट तोवर दुसऱ्याला देते, पण मागणी राहू दे. नणंदेला वहिनीचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

मग टेबलापाशी दोन खुर्च्या आल्या. गुलाब वहिनीने बघायचा, पावडर नणंदेने. ‘अजून कमी’, ‘आता फार गेली’, असं करत करत कस्तुरी आधीच्या पाचव्या हिश्शावर आली. महिन्याने मुरलेली बाटली उघडली. सकाळी लावलेली पट्टी वहिनीने दुपारी हुंगली आणि नणंदेपुढे धरली.

“वन्सं, गुलाब उतरल्यावर काय राहतं ते मला सांगा. मला ते कधीच कळायचं नाही.”

नणंदेने पट्टी पुन्हा एकदा हुंगली.

“इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांत हात घातला की ऊब लागते ना, तशी ती पावडर लागते. गोड आहे, पण चिकटत नाही. आणि तुम्ही उठून आत गेलात, तरी इथेच बसला आहात असं वाटत राहतं.”

वहिनीने डोळे पुसले आणि वही पुढ्यात ओढली.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “सावकाश. लिहून घेते.”