कोयत्याचा ठेका

नगरच्या एका हॉलमध्ये त्या रात्री आम्ही चौघे लॅपटॉप आणि छोट्या यंत्रांवर लोकांसमोर संगीत वाजवणार होतो. माझा नंबर तिसरा होता. आई मला ऐकायला पहिल्यांदाच आली होती, शेवगावहून एसटीने, आणि थेट पहिल्या रांगेत बसली होती. दरवर्षी दिवाळीपासून पाडव्यापर्यंत ऊसतोडीला जाऊन तिने मला शिकवलं. मागच्या हंगामात मी उसाच्या फडात जाऊन तिच्या कोयत्याचा आवाज मोबाईलवर घेतला होता, पण त्याचं काय करणार हे तिला सांगितलं नव्हतं.

मी बटण दाबलं. मोठ्या स्पीकरमधून कोयता उसावर पडायला लागला, खच्च, खच्च. आई ताडकन उभी राहिली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "अवं, ह्यो माझाच कोयता हाय."

मी त्या आवाजाखाली दणदणीत बेस सोडला, वेग वाढवत नेला, आणि बघता बघता अख्खा हॉल नाचायला लागला. आईही टाळ्या वाजवत होती.

नंतर मी विचारलं, "कसं झालं?"

"लई भारी," ती म्हणाली. "पर एवढ्या झपाट्यानं ऊस तुटला असता, तर आमी संक्रांतीलाच घरी आलो असतो."